सातच्या बातम्या, अडीच वाजता

दुपारचे अडीच. लंच नुकतंच उरकलेलं, डोळ्यांवर पेंग, समोर एक्सेल शीट. अशात टेबलावरचा मोबाइल एकदाच वाजतो आणि गप्प होतो. मिस्ड कॉल. नाव : बाबा.

शेजारच्या टीममधल्या ब्रिटिश मुलीला याचं फार नवल वाटायचं. तुझे वडील फोन करतात आणि तू उचलायच्या आत ठेवूनही देतात, हे काय आहे? आता तिला मिस्ड कॉल ही काय चीज आहे ते कसं समजावणार! मी नुसता हसायचो, उठून जिन्यात जायचो, पाकिटातून पाच पौंडांचं कॉलिंग कार्ड काढायचो आणि त्यावरचा लांबलचक पिन दाबत बसायचो. काय झालंय ते मला आधीच माहीत असायचं. लंडनला उन्हाळ्यात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात. सात म्हणजे सह्याद्रीच्या बातम्या. आणि सातचा मिस्ड कॉल म्हणजे डिश गेली!

ही २००९ सालची गोष्ट. मी तेव्हा लंडनला ऑनसाइट होतो. हीथ्रो विमानतळाजवळच्या हाउन्स्लोमध्ये एका पंजाबी अंकलच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. आणि आई-बाबा अनसिंगला. वाशिमहून पुसदच्या रस्त्याला लागलात की येतं ते आमचं अनसिंग. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. गरजा मोजक्या. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी सात वाजता सह्याद्री. बातम्या, सोयाबीन-तुरीचा भाव आणि पावसाचा अंदाज मिळाला की त्यांचा दिवस पूर्ण व्हायचा.

ती डिश मीच बसवली होती. फेब्रुवारीत दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलो, तेव्हा वाशिमहून सगळा सेट आणला. थाळी, एलएनबी, रिसिव्हर, केबल. डीडी डायरेक्ट प्लसचा. दूरदर्शनची ही फुकट सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली होती. एकदा सेट घेतला की दर महिन्याची कटकट नाही. स्लॅबच्या अंगणाकडच्या कोपऱ्यावर मी स्वतः ड्रिल मारलं, थाळी फिरवली, आणि टीव्हीवर सह्याद्रीचं चित्र काचेसारखं स्वच्छ उमटलं. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. मी इंजिनिअर झाल्याचा पुरावा गावाला पहिल्यांदाच मिळाला असावा.

जूनपर्यंत सगळं छान होतं. मग मिस्ड कॉल सुरू झाले.

आता एक गंमत सांगतो. माझी नोकरी नेमकी हीच होती! लोकांचे बिघाड फोनवरून दुरुस्त करणं. एका कंपनीचा सपोर्ट डेस्क. समोरच्याला काय दिसतंय, ते आधी विचारा, त्याचं ऐकून घ्या, घाईने उपाय सांगू नका, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घोकून शिकवलं होतं. दिवसभर मी अनोळखी लोकांशी असाच साखरेत घोळून बोलायचो. आणि अडीच वाजता जिन्यात गेलो की?

‘बाबा, मेनू दाबा.’

‘कोणतं? इथं समदे बटन पुसट दिसून रायले.’

‘रिमोटचं प्लास्टिक काढा ना आधी!’

‘खराब होते मंग तो.’

‘अहो बाबा…’

‘थांब. आलं मेनू. इंग्रजीत हाय. लय बारीक अक्षरं… गेली.’

‘काय गेली?’

‘लाइट.’

भारनियमनाचे दिवस होते ते. लाइट यायची तेव्हा डिश नसायची, डिश यायची तेव्हा लाइट नसायची. आणि दोन्ही असले की माझं कार्ड संपायचं. कार्डातली बाई फार गोड आवाजात सांगायची, तुमच्याकडे दोन मिनिटं शिल्लक आहेत. त्या बाईचा मला जेवढा राग यायचा, तेवढा माझ्या मॅनेजरचाही कधी आला नसेल.

बाबांचं म्हणणं एकच, ‘पाऊस आला की जाते.’ मला ते पटायचं नाही. एक तर जोरदार सरीत चित्र जातं, पण सर ओसरली की परत येतं. आणि दुसरं म्हणजे २००९ चा पावसाळा देशभर तुटीचा गेला. पाऊस होता कुठे? मी रोज नेटवर हवामान बघायचो आणि मनात म्हणायचो, बाबांचं काहीतरीच. बॉक्सचा प्लग नीट बसला नसेल, केबलचं टोक गंजलं असेल, थाळी हलली असेल. मी एकेक उपाय सांगत गेलो. प्लग काढा, लावा. केबल काढा, फुंकर मारा, लावा. ऑटो सर्च करा. बाबा सगळं निमूट करायचे. चाळीस वर्षं मुलांना सूचना देणारा माणूस सात हजार किलोमीटरवरून पोराच्या सूचना पाळत होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग मी तो उपाय सांगितला. ‘बाबा, वर चढून थाळी थोडी फिरवून बघा.’

तुमच्या घरी अँटेना असेल तर हा सीन तुम्हाला पाठ असेल. एक माणूस वर, एक टीव्हीसमोर, आणि मध्ये खिडकीतून आरडाओरडा. ‘आलं का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं… गेलं!’ आमच्या सीनमध्ये तिसरं पात्र होतं, लंडनच्या जिन्यात उभा असलेला मी. बाबांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल, आई खिडकीशी. डावीकडे, थोडं अजून, थोडं मागे. आता अँटेना आणि डिश यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. उपग्रह असतो विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. दोन फुटांच्या थाळीची नजर इतकी अरुंद असते की दोन-तीन अंशांनी चुकलात तर तो उपग्रह तिच्यापुरता संपलाच. हे मला माहीत होतं. तरी मी ‘थोडं डावीकडे’ म्हणत राहिलो. जे काही उरलंसुरलं चित्र यायचं तेही गेलं. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. मी म्हणालो, ‘जाऊ दे, उतरा खाली.’

मग शिडीचा आवाज आला. काहीतरी घसरल्याचा. आईची हाक. आणि फोन बंद.

मी पुन्हा नंबर लावला. लागेना. आईकडे वेगळा मोबाइल नव्हता. शेजारच्या काकांचा नंबर माझ्याकडे नव्हता. विचार करा, मोबाइलमध्ये तीनशे नंबर होते, पण आमच्या घराला लागून ज्यांची भिंत आहे, त्यांचा नंबर नव्हता. अकरा मिनिटं मी त्या जिन्यात उभा होतो. अकरा मिनिटांनी फोन लागला. आई म्हणाली, ‘काही नाई झालं रे. मुका मार हाय. तू जेवला काय?’

मी सुटकेचा श्वास सोडला आणि जाऊन एक्सेल शीट पुरी केली.

पुढे तीन आठवड्यांनी पोळा झाला. चुलतभावाने ऑर्कुटवर फोटो टाकले. सजवलेले बैल, झुली, तोरण. चौथ्या फोटोत बैलाच्या पाठीवर हात ठेवून बाबा उभे. आणि तो हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

मी तडक फोन लावला. ‘आई, हे काय आहे?’ आई म्हणाली, ‘तू तिकडं एकटा. उगीच जिवाले घोर काहून लावायचा?’ बाबा फोनवर आले नाहीत. हात धुवायला गेले होते म्हणे.

त्यानंतर सातचे मिस्ड कॉल बंद झाले. मी विचारायचो, ‘डिश चालू आहे ना?’ ‘हो हो, मस्त चालू हाय.’ आणि तिकडून प्रश्न यायचा, ‘तुझी नोकरी कशी हाय?’ ‘हो हो, मस्त.’

आता खरं सांगतो. माझंही मस्त नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हापासून लंडनच्या ऑफिसांत रोज कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. जुलैमध्येच मला सांगितलं होतं की आमचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरनंतर वाढणार नाही. घरी मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज फोन होत होता. रोज सगळं मस्त होतं.

रिसिव्हरच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, तुम्ही पाहिल्या असतील. एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. नवख्या माणसाला स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली दिसली की वाटतं, वा, काम झालं! पण ती पट्टी थाळी रिकाम्या आभाळाकडे असली तरी बरीच भरते. केबल जोडलेली आहे आणि एलएनबीला करंट जातोय, फार तर एवढंच ती सांगते. उपग्रहाकडून खरोखर काही समजण्यासारखं येतंय का, ते दुसरी पट्टी सांगते. आमच्या घरातल्या फोनचं त्या ऑगस्ट-सप्टेंबरात तेच झालं होतं. स्ट्रेंग्थ फुल. क्वालिटी शून्य.

सप्टेंबरच्या शेवटी आई चुकून बोलून गेली. बाबा घरी नव्हते. ‘बातम्या पाहाले गेले ना ते, पानठेल्यावर.’

‘पानठेल्यावर? आपल्या टीव्हीला काय झालं?’

आईला कळलं की आपण फसलो. मग तिने सगळं सांगितलं. थाळी फिरवली त्या दिवसानंतर शेजारच्या पोराने ती पुन्हा जागेवर आणली होती, पण चित्र काही टिकायचं नाही. कधी चौकटी-चौकटी व्हायच्या, कधी नो सिग्नल. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. १३ ऑक्टोबरला मतदान, २२ ला मोजणी. आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात पानठेल्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा कान पिळला होता, ते रोज संध्याकाळी पानठेल्याच्या बाकड्यावर बसून बातम्या बघत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी खिडकीत उभा होतो. आमच्या गल्लीत घरांची एक सलग रांग, प्रत्येक भिंतीवर एक डिश, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. खाली पंजाबी अंकल मागच्या अंगणातली पिवळी पानं गोळा करत होते. मला बघून ओरडले, ‘अब देखना, बेटा, टीव्ही एकदम साफ आएगा! पत्ते गिरे ना!’

पत्ते गिरे.

तुम्हाला कधी असं झालंय का, की उत्तर समोर उभं असतं आणि आपण त्याच्या शेजारून रोज जात असतो? अंकलच्या डिशपुढे झाड होतं. उन्हाळ्यात पानं भरली की चित्र बिघडायचं, पानगळीत सुधारायचं. आणि आमच्या अंगणात कडुनिंब होता. मी डिश बसवली फेब्रुवारीत. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब जवळपास उघडा होतो. मग पालवी फुटते आणि पावसाळ्यापर्यंत तो गच्च भरतो. डिशचा सिग्नल इतका नाजूक असतो की पानांच्या गर्दीतून तो गाळूनच निघतो. त्यात पानं ओली असली तर विचारूच नका, पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. सर ओसरली तरी पानं ओलीच राहतात. म्हणजे ‘पाऊस आला की जाते’ हे बाबांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं! मी फक्त पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

कागद घेतला आणि हिशेब केला. डीडी डायरेक्ट प्लस तेव्हा इन्सॅट-४बी या उपग्रहावर होतं. ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. अनसिंगहून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. माझ्या हाउन्स्लोच्या डिशचा उपग्रह वेगळा, २८.२ अंश पूर्वेचा. पण गंमत बघा, लंडनहून तोही आग्नेयेलाच दिसतो, फक्त जेमतेम २५ अंश वर. म्हणजे अंकलची थाळी आणि बाबांची थाळी होकायंत्रावर जवळपास एकाच दिशेला तोंड करून होत्या. एक समोर बघत होती, एक मान वर करून.

आणि इथेच माझी चूक झाली होती. या थाळ्या फसव्या असतात. एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे थाळी जिकडे तोंड करून उभी दिसते, तिकडे ती बघत नसते. त्याहून बरंच वर बघत असते. फेब्रुवारीत मी थाळीच्या मागे उभा राहून समोर पाहिलं होतं. समोर शेजाऱ्यांचं छप्पर आणि मोकळं आभाळ. म्हटलं, क्लिअर! वर, उघड्या फांद्यांकडे, बघितलंच नव्हतं. ६० अंशांचा हिशेब सोपा आहे. झाड थाळीपासून जितक्या फुटांवर, त्याच्या पावणेदोनपट ते थाळीच्या वर वाढलं की आड येतं. आमचा कडुनिंब सहा फुटांवर. म्हणजे थाळीच्या वर दहा-अकरा फूट. तेवढा तो सहज होता.

पण हा सगळा कागदावरचा तर्क. खात्री कशी करायची? तेही बाबांना शिडीवर न चढवता?

उत्तर सूर्याने दिलं. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या काही मिनिटांत टीव्हीवर खरखर होते, केबलवाले त्याची सूचनाही देतात. याचा उलटा अर्थ असा की त्या मिनिटांत सूर्य जिथे असतो, तिथेच उपग्रह असतो. थाळीवर ऊन पडलं तर रस्ता मोकळा. सावली पडली तर रस्ता अडलेला. मी गणित मांडलं. अनसिंगसाठी तारीख आली २ ऑक्टोबरच्या आसपास आणि वेळ सकाळी अकराला पाच मिनिटं कमी.

२ ऑक्टोबरला लंडनमध्ये सकाळचे सव्वासहा वाजले होते, बाहेर अंधार. मी फोन लावला. ‘बाबा, अंगणात जाऊन उभे राहा. शिडीला हात लावायचा नाही. नुसतं खालून बघायचं. आणि मी विचारीन तेवढंच सांगायचं.’

‘गांधी जयंतीचा भलताच कार्यक्रम काढला तू.’

अकराला पाच कमी असताना विचारलं, ‘आता थाळीवर ऊन आहे का?’

बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘सावली हाय,’ बाबा म्हणाले.

‘कशाची?’

‘लिंबाची.’ आमच्याकडे कडुनिंबाला लिंबच म्हणतात. मग जरा थांबून म्हणाले, ‘मले माहीत होतं.’

‘माहीत होतं? कधीपासून?’

‘जुलैपासून. वारा सुटला अन् फांद्या हलल्या की चित्र ये-जा करे. मी काय येडा हाय?’

‘मग सांगितलं का नाही? हात मोडेपर्यंत…’

‘सांगितलं असतं त तू काय म्हटलं असतं?’

मी गप्प बसलो. कारण मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. तोडा. आमच्या ऑफिसच्या भाषेत, प्रॉब्लेम झाड, सोल्यूशन झाड काढणे, तिकीट क्लोज. दोन मिनिटांचं काम.

‘तो लिंब कधी लावला, ध्यानात हाय का तुह्या?’ बाबांनी विचारलं.

नव्हतं.

‘अठ्ठ्याण्णव साली. वाशिम जिल्हा झाला त्याच पावसाळ्यात. तू अमरावतीले कॉलेजात गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर लय खाली वाटे म्हणून लावला.’

अकरा वर्षं. म्हणजे मी घराबाहेर पडलो तितकीच वर्षं तो झाड वाढत होता आणि मला फक्त ‘अंगणात एक झाड आहे’ एवढंच माहीत होतं. बाबांनी मला कधी म्हटलं नाही की तुझी आठवण येते. आमच्या घरात तसं कुणी म्हणत नाही. त्यांनी झाड लावलं आणि विषय संपवला. आणि मी त्याच झाडाच्या सहा फुटांवर ड्रिल मारून त्यांना टीव्ही बसवून दिला.

मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून टाकलं. ‘बाबा, माझं इथलं काम डिसेंबरला संपतंय. पुढचं काही ठरलेलं नाही.’

‘तुले कधीपासून माहीत हाय?’

‘जुलैपासून.’

पलीकडे बाबा हसले. हसण्याचा आवाज मी फोनवर पहिल्यांदाच ऐकला असेन. ‘म्हंजे जुलैपासून दोघंबी चूप,’ ते म्हणाले. मग त्यांचा मास्तरांचा आवाज परत आला. ‘झाड राहू दे. थाळीच सरकवू. अन् तुझंही पाहू काहीतरी. घर हाय ना.’

कार्डातल्या बाईने सांगितलं, तुमच्याकडे दोन मिनिटं शिल्लक आहेत. त्या दिवशी तिचा राग आला नाही.

पुढचं सगळं फारच सोपं निघालं. स्लॅबचा मागचा कोपरा झाडापासून तीस फुटांवर. तिथे थाळी नेली की झाडाला आड यायला थाळीच्या वर बावन्न फूट वाढावं लागेल. मी हे सगळं अंशांसकट, आकृती काढून चुलतभावाला ईमेल केलं. त्याने एसटी स्टँडजवळचा मोबाइल-डिश दुरुस्त करणारा पोरगा आणला. त्या पोराने माझ्या ईमेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्यांच्या थाळीचं तोंड बघितलं, आपली तशी धरली, छोटा टीव्ही वर नेऊन क्वालिटीची पट्टी बघत बघत नट आवळले. दहा मिनिटं. वर दहा मीटर जादा केबल. एवढंच काम होतं, आणि त्यासाठी आम्ही चार महिने, सोळा कॉलिंग कार्डं आणि एक मनगट खर्ची घातलं.

परदेशी किंवा परगावी राहून घरचं काही दुरुस्त करायची वेळ तुमच्यावरही येत असेल. हल्ली तर व्हिडिओ कॉल आहे, कॅमेरा फिरवला की सगळं दिसतं. तरी अनुभवाचे दोन शब्द सांगतो. सत्तरीच्या माणसाला शिडीवर चढवू नका. शेजाऱ्यांचा नंबर जवळ ठेवा. ‘हे करा, ते करा’ म्हणायच्या आधी ‘तिथे काय दिसतंय?’ विचारा. आणि समोरचा माणूस एखादी गोष्ट गाळतोय असं वाटलं, तर ती त्याला कळत नाही म्हणून नव्हे, ती त्याला महत्त्वाची आहे म्हणून गाळत असेल, एवढा संशय स्वतःवर घ्या. ऑफिसात आपण हे अनोळखी माणसांसाठी पगार घेऊन करतो. घरी फुकट करायला काय हरकत आहे?

मी २०१० च्या जानेवारीत परत आलो. तीन महिने अनसिंगला होतो, मग पुण्यात नोकरी लागली, अजून तिथेच आहे. डीडी डायरेक्ट प्लसचं नाव पुढे डीडी फ्री डिश झालं. इन्सॅट-४बी जाऊन नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५ आला. पण तो आभाळात त्याच जागेवर, ९३.५ अंशांवर आहे, त्यामुळे थाळी हलवावी लागली नाही. लिंब आता स्लॅबच्या दुप्पट उंच आहे. जुन्या कोपऱ्यावर मी मारलेली चार भोकं तशीच आहेत, दर पावसाळ्यात त्यांत लिंबोळ्या अडकतात.

आणि हो, एक राहिलंच. २२ ऑक्टोबर २००९, मतमोजणीचा दिवस. दुपारी अडीचला माझा मोबाइल एकदाच वाजून गप्प झाला. बाबा. माझ्या पोटात गोळा आला. धावत जिन्यात गेलो, पिन दोनदा चुकला.

‘काय झालं? पुन्हा गेली का?’

‘नाई नाई,’ बाबा म्हणाले. मागे सह्याद्रीच्या बातम्यांचा आवाज खणखणीत येत होता. ‘चालू हाय. तेच सांगाले केला.’